राऊतांचं लोखंड

लोखंडाच्या वस्तू दोन तऱ्हेच्या असतात. एक ओतीव, दुसरी घडीव. लोखंड वितळवून साच्यात ओतलं की ओतीव. ते दिसायला भरदार, पण उंचावरून पडलं की बशीसारखं फुटतं. आणि सळई भट्टीत लाल करून, ऐरणीवर धरून, घाव घालून आकार दिला की घडीव. ते वाकेल, पण सहसा मोडणार नाही. एवढं कळलं तरी माझ्या धंद्यातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं म्हणजे गिऱ्हाईक.

चिखलीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या. आजकाल बहुतेक ठिकाणी गेटवरची फुलं, पानं, भाले तयार मिळतात. गोणीत भरून आणायचे, चौकटीत बसवायचे, वेल्डिंगचा टाका मारायचा. तेही काम वाईट नाही, मीही करतो. पण कुणी सांगितलं, तर मी अजून भट्टी पेटवतो आणि चौकोनी सळईचा वळसा हाताने काढतो. आमच्या रांगेत भट्टी असलेलं एवढंच दुकान आहे, हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो. तेवढं माफ करावं.

मी नांदेड जिल्ह्यातला, कंधारकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. चाकणला एका कंपनीत कंत्राटावर लागलो, कुरुळीत एका खोलीत आम्ही आठजण राहायचो. शिफ्ट संपली की मी दापोडीला जायचो, गणपतमामांच्या दुकानात. मामा कऱ्हाडकडचे, पिढीजात लोहार. माझे कुणी लागत नव्हते, पण त्यांनी मला घण धरायला शिकवलं, जेवायला घातलं, आणि मी घाबरलो की शिव्याही घातल्या. आज जे काही हातात आहे ते त्यांचं आहे.

घाबरणं हा माझा स्वभावच. टाका मारला की हातोडीने ठोकून बघतो, जेवून आलो की परत ठोकून बघतो. घरी पोचल्यावर शटर लावलं का म्हणून परत शेडवर जातो. माझी बायको सुनीता म्हणते, शटरला कुलपापेक्षा तुम्हीच जास्त लटकता. पण गिऱ्हाईकाला हा स्वभाव मानवतो. माझं गेट पडल्याची तक्रार अजून आलेली नाही.

तऱ्हेवाईक माणसंही पुष्कळ भेटली. एका गृहस्थांनी गेट घेतलं आणि बिजागरीला तेल घालू दिलं नाही. गेट करकरलंच पाहिजे म्हणाले, मुलगा घरी कधी येतो ते झोपेत कळलं पाहिजे. दापोडीच्या कांबळे मॅडम तर मांजर टोपलीत घालून शेडवर आल्या. त्यांच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये एक फट हवी होती, आपली मांजर जाईल आणि शेजारचा बोका येणार नाही अशी. मी मांजरीचं माप घेतलं. बोक्याचं माप घ्यायला शेजारी गेलो, तर शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं. मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. वडील कारखान्यात होते, त्यामुळे कामगार माणसाशी कसं बोलावं हे त्यांना वेगळं शिकावं लागलं नाही. त्या मांजरीच्या ग्रिलमुळे ओळख झाली, आणि पुढे ती माझ्या फार उपयोगी पडली.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा एका शब्दाचा आहे.

नक्षीच्या लोखंडी गेटला आमच्या धंद्यात सगळे ‘रॉट आयर्न’ म्हणतात. मी स्वतःची शेड टाकली तेव्हा पेंटर म्हणाला, भाऊ, स्पेलिंग सांग. मला कुठलं येतंय? मी रांगेतल्या पाट्या वाचत फिरलो. एकाच्या पाटीवर ‘रॉड आयर्न’ होतं. स्टीलवाल्या शेठना विचारलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, रॉड म्हणजे सळई, सळईचं काम म्हणून रॉड आयर्न. दुसऱ्या पाटीवर शेवटी टी होता. तिसऱ्याने इतकी अक्षरं घातली होती की पाटी संपली आणि आयर्न खालच्या ओळीत गेलं.

मग मी मामांना विचारलं. त्यांना शंका म्हणून नव्हतीच. म्हणाले, “आरं लेका, राऊत. रेल्वेच्या कारखान्यात राऊत म्हणून एक लोहार हुता. सायबाच्या बंगल्याची फाटकं त्योच घडवायचा. राऊतांचं लोखंड म्हंत्यात ते. सायबाच्या तोंडात त्याचं झालं राऊट आयर्न.”

मला ते शंभर टक्के पटलं. आपल्यातल्या माणसाचं नाव साहेबाला घ्यावं लागलं, याचा आनंद वेगळाच. मी कितीतरी गिऱ्हाईकांना ही गोष्ट सांगितली. राऊत आडनावाच्या एका गिऱ्हाईकाने तर ती ऐकून भाव न करता ग्रिल घेतलं. पेंटरला मी म्हणालो, बोलतो तसं लिही. त्याने आर-ओ-टी लिहिलं.

पुढे हिंजवडीला नोकरी करणारा एक तरुण जिन्याचा कठडा बघायला आला. पाटी वाचून हसायला लागला. म्हणाला, “काका, रॉट म्हणजे सडणं. तुम्ही सडकं लोखंड विकताय का?”

मी हसलो, पण लगेच बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचली. इतकी वर्षं मी दुकानावर सडकं लोखंड लिहून बसलो होतो आणि येणारा जाणारा वाचत होता. त्या मुलानेच मोबाईलवर खरं स्पेलिंग काढून दिलं. सुरुवातीला डब्ल्यू, शेवटी जी-एच-टी. सात अक्षरं लिहायची आणि तीनच बोलायची. बाकीची चार कशाला ठेवलीत, हे त्यालाही सांगता आलं नाही. राऊतांचा मात्र त्यात कुठे पत्ता नव्हता. मी पाटी बदलली, कोटेशनवरही तेच छापून घेतलं, आणि विषय संपला असं धरलं.

तो संपला नव्हता. चिखलीतच एका नव्या सोसायटीचं मोठं गेट आणि बागेचा कठडा माझ्याकडे आला. कमिटीला जुन्या पद्धतीचं काम हवं होतं, तयार फुलं नकोत. असं काम मला क्वचित मिळतं. मी जीव ओतून केलं. प्रत्येक वळसा भट्टीतून काढलेला. दोन वळसे जिथे एकमेकांना भेटतात तिथे टाका मारला नाही, कडं घातलं. या कड्याला आम्ही कॉलर म्हणतो. ती लाल असताना दोन्ही सळयांभोवती आवळायची. गार होताना ती आकसते आणि अशी पकडते की सोडवायची तर कापावीच लागते. मामा म्हणायचे, टाका म्हणजे डिंक आणि कॉलर म्हणजे मिठी.

काम होत आलं आणि सोसायटीचे सेक्रेटरी शेडवर आले. सावंतसाहेब, मूळ कोकणातले, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी कोटेशन काढलं, त्यावरच्या त्या सात अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, मटेरियलचं सर्टिफिकेट कुठे आहे? मी स्टीलवाल्या शेठचं बिल दाखवलं. ते वाचून म्हणाले, “हे तर एमएस आहे. साधं माइल्ड स्टील. तुम्ही लिहिलंय वेगळं, दिलंय वेगळं.”

मी म्हणालो, साहेब, बाजारात सगळे यालाच रॉट आयर्न म्हणतात.

“सगळे म्हणतात म्हणून मी पास करत नाही,” ते म्हणाले. “आमच्यात याला फसवणूक म्हणतात.”

आवाज चढवला नाही, हे जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या दुकानाच्या नावासकट हे गेलं होतं, आणि तो मेसेज शेजारच्या सोसायटीतून फिरून माझ्याच मोबाईलवर आला. एक ठरलेलं काम दुसऱ्या दिवशी ‘बघू नंतर’ झालं. आमच्या धंद्यात जाहिरात नसते. एकाने दुसऱ्याला सांगायचं, की त्या नांदेडवाल्याकडे जा, माणूस सरळ आहे. मी गाव सोडून इतक्या लांब येऊन कमावलं ते हेच, सरळ माणूस. ते गेलं की शेडमध्ये नुसतं लोखंडच उरलं असतं.

सुनीता म्हणाली, वाद घालू नका, गेट ठेवून घ्या, दुसऱ्या कुणाला विकलं जाईल. मला ते नको होतं. मला आधी हे समजून घ्यायचं होतं, की मी खरंच फसवलंय का. कारण सावंतसाहेबांनी ज्या शब्दावर बोट ठेवलं, त्या शब्दाचा अर्थ मला माहीतच नव्हता. ज्याचा अर्थ ठाऊक नाही असा शब्द मी छापून देत होतो.

मी दापोडीला कांबळे मॅडमकडे गेलो. मांजर फटीतून आत-बाहेर करत होती, ग्रिल व्यवस्थित होतं, तरी मी सवयीने एकदा हलवून बघितलं. मॅडमनी चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. राऊतांची गोष्ट सांगितली तेव्हा इतक्या हसल्या की चहा उतू गेला. मग कपाटातून एक जाडजूड कोश काढून बसल्या.

म्हणाल्या, “भानुदास, हे लोखंडाचं नाव नाही. हे क्रियापद आहे. वर्क म्हणजे काम करणं, त्याचा हा जुना भूतकाळ.”

मी म्हणालो, वर्कचं वर्क्ड होतं ना? एवढं सातवीपर्यंत आलं होतं.

“आता होतं. मला सांगा, ‘कर’चं काय होतं?”

“केलं.”

“का? ‘बस’चं बसलं, ‘उठ’चं उठलं, मग ‘कर’चं करलं का नाही?”

मला हसू आलं. माझी पुतणी लहान असताना ‘मी करलं’ म्हणायची आणि आम्ही दुरुस्त करायचो. मॅडम म्हणाल्या, तेच तिकडे घडलं, फक्त उलट. इंग्रजीतही वर्कचा भूतकाळ आपल्या ‘केलं’सारखा वाकडा होता. हळूहळू सगळेच ‘करलं’ म्हणायला लागले, कुणी दुरुस्त केलं नाही, आणि तेच शुद्ध झालं. ते वर्क्ड. जुनं ‘केलं’ बोलण्यातून गेलं आणि दोन-चार ठिकाणी अडकून राहिलं. त्यातली एक जागा म्हणजे लोखंड.

मग त्यांनी ते अक्षर-अक्षर सोडवून दाखवलं. मला हा भाग फार आवडला, कारण गंजलेलं कुलूप खोलण्यासारखाच तो होता. फार पूर्वी तो शब्द साधारण ‘वोर्ख्त’ असा बोलत. त्यात ‘वर्क’ ऐकू येतं. पुढे मधला र उडी मारून पुढे आला आणि ‘व्रोख्त’ झालं. मग बोलता बोलता पुढचा व गळाला, घशातला ख गळाला. लिहिण्यात मात्र दोन्ही तसेच राहिले. दार काढून नेलं तरी चौकटीवर बिजागऱ्या राहतात, तसे.

मी विचारलं, र असा उडी कसा मारतो?

मला म्हणाल्या, “डिंक बोटाला काय होतो?”

“चिटकतो.”

“पुस्तकात चिकटतो. क आणि ट ची अदलाबदल तुम्ही आत्ता माझ्यासमोर केलीत. आणि तोटा झाला की?”

चाकणच्या कंपनीत मी एकदा ‘नुसकान’ म्हणालो होतो, आणि लाईनवरची पोरं महिनाभर मला ‘काय भावा, किती नुसकान?’ विचारत होती. तेव्हापासून मी तो शब्दच सोडला होता. लॉस म्हणायचो. मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमचं नुसकान आणि इंग्रजांचा हा शब्द एकाच चालीचे आहेत. त्यांनी अदलाबदल केली ती कोशात गेली, तुमची चेष्टेत गेली, एवढाच फरक.

एक शब्द आणखी सांगितला त्यांनी. ज्या माणसाला काळजीने पार ठोकून काढलंय, त्यालाही इंग्रजीत याच क्रियापदाने ओळखतात. ओव्हररॉट. म्हणजे फाजील घडवलेला. सांगताना माझ्याकडे बघत होत्या. मला मामांची आठवण झाली. लोखंड गार झाल्यावरही मी घाव घालत बसायचो, तेव्हा मामा घण काढून घ्यायचे. म्हणायचे, “आता बास. गार लोखंडावर हाणशील तर तडा जाईल.”

मी मनात जिंकलो होतो. रॉट म्हणजे केलेलं, घडवलेलं. मी घडवलं होतं. उठता उठता म्हणालो, मॅडम, हे सगळं कागदावर लिहून द्या, सावंतांना देतो.

त्यांनी मला परत बसवलं. “देणार नाही,” म्हणाल्या. “सावंतही बरोबर आहेत.”

मग समजावलं. त्या नावाचं एक खास लोखंड खरोखरच असायचं, वेगळ्या भट्टीतून निघणारं, आत लाकडासारखे धागे असणारं. आता ते जवळपास कुणी करत नाही. बाजारात नाव राहिलं आणि माल बदलला. कोटेशनवर ते नाव वाचणारा क्वालिटीचा माणूस तेच लोखंड मागणार. “मूळ सांगून सुटता येत नाही, भानुदास. शब्द कुठून आला ते कोश सांगतो. तुम्ही काय दिलंत ते तुम्हीच सांगायचं.”

दापोडीहून परत येताना मी बसमध्ये पुन्हा पुन्हा तेच मनात घोळवत होतो. नवल म्हणजे भीती वाटत नव्हती. काय खरं आणि काय नाही, याची रेघ पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होती. रेघ दिसली की मी काम करू शकतो.

मी सावंतसाहेबांच्या दारात गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. साहेब, लोखंड एमएस आहे, ते कोटेशनवरच्या नावाचं नाही. तो शब्द मी अर्थ न कळता लिहिला. पण त्याचा मूळ अर्थ घडवलेलं असा आहे, आणि घडवलं मी आहे. मटेरियल तुम्ही नापास करा, घडाई मात्र बघितल्याशिवाय नापास करू नका. कमिटीला घेऊन शेडवर या.

त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, “मूळ अर्थ कुठून काढलात?”

मी मॅडमचं, वर्कचं, ‘केलं’ आणि ‘करलं’चं सांगितलं. माझं उभं राहणं लांबलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे केली.

रविवारी सकाळी कमिटीची माणसं आली. मी भट्टी पेटवून ठेवली होती. सळई तापवली, ऐरणीवर घेतली आणि एक वळसा काढून दाखवला. तयार ओतीव फुलाचा एक नमुनाही फरशीवर टाकला. त्याचे दोन तुकडे झाले. मग माझा वळसा टाकला. तो टणटणला, आणि एक काकू आपोआप मागे सरकल्या. कमिटीतल्या एकाने विचारलं, मग हे ते रॉट आयर्न नाही का? सावंतसाहेबच म्हणाले, “नाव चुकलंय, काम तपासायचंय. कंपनीत याला डेव्हिएशन म्हणतात. कागद दुरुस्त करू, माल दिलाय तसा लिहून घेऊ. पण आधी तपासणी.”

त्यांनी पिशवी उघडली. टॉर्च, छोटी हातोडी, मापाच्या पट्ट्या, एक लाल आणि एक पिवळा मार्कर. निवृत्त झाल्यावरही जपून ठेवलं होतं सगळं. गेटसमोर बसले, चष्मा कपाळावर ढकलला, आणि त्या माणसाचं वय माझ्यासमोर कमी झालं. एकेक वळसा हाताने चाचपला. एकेक कॉलर हातोडीने वाजवून, अंगठ्याने रेटून बघितली. पास झाली की पिवळा ठिपका. कमिटीची माणसं आधी उभी होती, मग स्टुलांवर बसली, मग चहा आला. पिवळे ठिपके वाढत चालले, आणि प्रत्येक ठिपक्याबरोबर माझी छाती इंचाइंचाने रुंद होत होती, हे कबूल करतो.

डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात ते थांबले. अंगठा परत फिरवला. मला जवळ बोलावलं आणि माझा अंगठा तिथे ठेवायला लावला. कॉलर हलत होती. अगदी केसभर, पण हलत होती. लोखंड गार होत आल्यावर आवळली असणार. मी दोनदा तपासलेली.

त्यांनी लाल मार्कर उघडला, कॉलरवर फुली मारली आणि म्हणाले, “ही रिजेक्ट. बाकी काम उत्तम आहे. ही कापा, नवीन घाला, मी बसतो.”

मी कॉलर कापली. नवी तापवली, पांढरट लाल झाली तशी सांडशीने धरून आवळली, दोन घाव घातले आणि हात काढला. तिसरा घातला नाही. ती गार होईपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसलो होतो. सावंतसाहेबांनी अंगठा रेटला, हातोडीने वाजवली, पिवळा ठिपका दिला. मग मोबाईल काढून आधी ग्रुपवर काहीतरी टाकलं, आणि मला विचारलं, त्यांच्या जावयाला मोशीला जिन्याचा कठडा करायचाय, जमेल का?

सुनीताचा फोन येत होता. मी शेडच्या बाहेर जाऊन उचलला.

“काय झालं?” ती म्हणाली. “काय म्हणाले?”

“एक कॉलर रिजेक्ट झाली.”

“मग हसताय कशाला?”